दादासाहेब मावळंकर : अध्यक्षपद आणि अखेरची वर्षे



अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन 1789 साली अधिकारावर आला, तेव्हा त्या पदाचे नियम कागदावर थोडेच होते. तो जे करील तीच पुढच्यांची वहिवाट होणार, हे तो जाणून होता. दोन वेळा निवडून आल्यावर तिसऱ्यांदा उभे राहण्याचे त्याने नाकारले. राज्यघटनेत तशी मनाई नव्हती. ती 1951 साली आली. 1797 मध्ये तो आपल्या शेतीवाडीवर परतला आणि अडीच-पावणेतीन वर्षांत वारला. मला आज बोलावयाचे आहे ते आपल्याकडच्या अशाच एका पहिल्या माणसाविषयी. पद वेगळे, पण अडचण तीच!

गणेश वासुदेव मावळंकर हे मूळचे रत्नागिरीकडचे मराठी घराणे. जन्म बडोद्याचा, 1888 सालचा. वकिली आणि सार्वजनिक आयुष्य अहमदाबादेत. 1937 साली मुंबई विधानसभेचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्यामागून 1946 मध्ये त्याच खुर्चीवर आपल्या नगरचे वकील कुंदनमल फिरोदिया बसले, हे आपणांपैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक असेलच. मावळंकर दिल्लीस मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले. समोर सर कावसजी जहांगीर. मते पडली 66 आणि 63. तीन मतांनी आलेला हा गृहस्थ पुढे 1952 च्या मे महिन्यात पहिल्या लोकसभेत 394 विरुद्ध 55 मतांनी निवडून आला. तेव्हाचे प्रतिस्पर्धीही मराठीच, शंकरराव मोरे.

आकडा मोठा झाला म्हणजे काम सोपे झाले, असे मात्र कोणी समजू नये. उलट! तीन मतांचा अध्यक्ष दोन्ही बाजूंना सांभाळून चालतो; सुमारे साडेतीनशे मतांच्या आधिक्याने आलेल्याकडे विरोधी बाके संशयानेच पाहतात. मावळंकर काँग्रेसचे सभासद राहिले. इंग्लंडातील सभापती पक्षाचा संबंध तोडतो, आणि त्याच्या मतदारसंघात मोठे पक्ष सहसा त्याला विरोध करीत नाहीत. येथे तसा संकेत नाही, तेव्हा अध्यक्षाने पक्ष सोडून कसे भागेल, असे मावळंकरांचे म्हणणे. पक्षात राहावे, पण पक्षाच्या चालू राजकारणात पडू नये. हे उत्तर मला पुरते पटत नाही. पण त्यांनी ते लपविले नाही, उघड मांडले.

तहकुबीच्या सूचनांबाबत ते कडक होते. परकीय सरकारला धारेवर धरण्याचे ते हत्यार. सरकार लोकांना जबाबदार झाल्यावर ते ऊठसूट वापरू नये, असे त्यांचे मत. यातून विरोधकांचा राग वाढला. 18 डिसेंबर 1954 रोजी विघ्नेश्वर मिश्र यांनी त्यांना अध्यक्षपदावरून दूर करण्याचा ठराव आणला. लोकसभेच्या अध्यक्षाविरुद्ध असा ठराव पहिल्यांदाच आला होता. त्या वेळी खुर्चीवर उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार होते. ठराव फेटाळला गेला.

परंतु हा माणूस सरकारचा हस्तक होता काय? दोन गोष्टी पाहा. मंत्री सभागृहात उठून म्हणतात, “चौकशी करू, विचार करू.” आपल्या तालुका कचेरीतही हे वाक्य आपण ऐकतो, आणि पुढे काय होते तेही जाणतो! मावळंकरांच्या कारकिर्दीत, डिसेंबर 1953 मध्ये, अशा आश्वासनांची एक समिती नेमली गेली. कोणते वचन पाळले, कोणते राहिले, याचा हिशेब ती ठेवू लागली. सरकारी खाती कायद्याच्या पोटात जे नियम करतात, त्यांवर नजर ठेवणारी समितीही त्याच दिवसांतली.

दुसरी गोष्ट वटहुकुमांची. सभागृह बंद असताना सरकार वटहुकूम काढते. 1950 मध्ये आणि पुन्हा 1954 मध्ये मावळंकरांनी पंतप्रधान नेहरूंना पत्रे लिहून बजावले, की ही पद्धत लोकशाहीच्या प्रकृतीस मानवणारी नाही. निकड असेल तरच ती वापरावी. नेहरूंनी कामकाजाला लागणाऱ्या विलंबाकडे बोट दाखविले. ज्या पक्षाचे आपण सभासद, त्याच पक्षाच्या, आणि तेही नेहरूंसारख्या पंतप्रधानाला असे लिहिणे त्या काळी सोपे नव्हते. 1986 साली बिहारातील वटहुकुमांच्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला.

वॉशिंग्टनला निवृत्तीचे थोडे तरी दिवस लाभले. मावळंकरांना ते मिळाले नाहीत. लोकसभेखेरीज गांधी स्मारक निधी आणि कस्तुरबा स्मारक निधीचा भारही त्यांच्यावर होता. 1956 च्या आरंभी प्रकृती ढासळली, आणि 27 फेब्रुवारी 1956 रोजी, पदावर असतानाच, ते अहमदाबादेस वारले. वय 67.

अध्यक्षाने पक्ष सोडण्याचा प्रसंग पुढे 1967 साली आला. नीलम संजीव रेड्डी यांनी निवड होताच काँग्रेसचा राजीनामा दिला. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने अध्यक्षाला तशी मोकळीक दिली, आणि त्याच कायद्याने सभासदांच्या अपात्रतेचा निवाडाही त्याच्याच हाती ठेवला. हा निवाडा किती अवघड, हे अलीकडे महाराष्ट्राने पाहिलेच आहे.

मावळंकरांच्या जागी त्यांच्या पत्नी सुशीलाबाई लोकसभेवर गेल्या. पुढे 1972 साली पुत्र पुरुषोत्तम मावळंकर अहमदाबादेतून निवडून आले. ते कोणत्याच पक्षाचे नव्हते. अपक्ष म्हणून आले, आणि 1975 मध्ये आणीबाणी पुकारली गेली तेव्हा त्याच लोकसभेत तिच्याविरुद्ध बोलले.