आडनाव : रक्ताचे की ऋणाचे?



आडनाव म्हणजे रक्ताची खूण, असे आपण धरून चालतो. आपल्याच मुलखातील दोन घराणी पाहा.

इचलकरंजीकर घोरपड्यांचे मूळ पुरुष नारो महादेव हे कोकणातले जोशी. सेनापती संताजी घोरपड्यांच्या पदरी त्यांचे भाग्य उदयास आले. त्या उपकाराची आठवण म्हणून त्यांनी घोरपडे हेच आडनाव धारण केले. रक्ताचा संबंध मुळीच नव्हता. संबंध होता तो कृतज्ञतेचा.

दुसरे घराणे मूळचे गाडगीळ. आपल्या आष्ट्यापासून जवळच असलेल्या पलूस गावावरून ते पलुसकर झाले. त्यातच १८७२ साली कुरुंदवाडास विष्णु दिगंबर जन्मले. मिरजेस बाळकृष्णबुवांपाशी ते गाणे शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. कृष्णाकाठच्या एका खेड्याचे नाव असे रावीकाठी पोहोचले!

मग नुसत्या आडनावावरून माणसाची जात, कुळी आणि लायकी ठरविण्याची आपल्याला एवढी घाई का? आडनावावरून रक्त कळेलच असे नाही. कोणाचे ऋण मानले, कोणत्या गावाचे पाणी प्यालो, एवढे मात्र ते प्रामाणिकपणे सांगते. अभिमान बाळगायचाच, तर त्या ऋणाचा बाळगू या.