गळतीचे अर्थशास्त्र
(पक्षाच्या कार्यकर्ता अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

संयोजकांनी मला ‘ऊर्जा आणि समाजवाद’ या विषयावर बोलावयास सांगितले आहे. विषय एवढा विस्तीर्ण आहे, की त्याच्या नावाखाली काहीही बोलले तरी चालून जाते, आणि ऐकणारा घरी जाताना काही बरोबर नेत नाही. यास्तव मी आज यंत्राच्या एका भागाविषयीच बोलणार आहे. वायू दाबणाऱ्या यंत्राला आपण कॉम्प्रेसर म्हणतो. या कॉम्प्रेसरमधून वायू बाहेर निसटू नये म्हणून जे सील बसवतात, ते माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे. अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने फिटरच्या कामात नाक का खुपसावे, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर भाषणाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

प्रारंभ घरापासून करतो. माझे थोरले मामा किनाऱ्यावरील एका बंदरगावी बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर होते. अमोनियाचा कॉम्प्रेसर तो. मे महिन्याच्या सुटीत मी त्यांचा डबा घेऊन जात असे. यंत्रघराच्या दारातच डोळ्यांतून पाणी येई. शाफ्ट जेथून बाहेर येतो तेथील ग्लँड गळत असे, आणि ते मामांना ठाऊक होते, मालकालाही ठाऊक होते. मामा म्हणत, “शेट, ग्लँड गळतोय, पॅकिंग बदलायला हवं.” शेट हसून म्हणत, “वास येतोय म्हणजे मशीन चालू आहे. वास थांबला की सांग.” मामा पुढे अनेक वर्षे खोकत राहिले. त्यांचा खोकला कोणत्याही ताळेबंदात आला नाही.

शेट दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. त्यांचे गणित त्यांच्यापुरते बरोबर होते. हंगामात यंत्र एक दिवस बंद ठेवायचे म्हणजे होड्या बर्फावाचून खोळंबणार. उलटपक्षी, गळालेल्या अमोनियाची भर घालण्यास लागणारा पैसा किरकोळ. गळतीचा खरा खर्च मामांच्या छातीत जमा होत होता, आणि तेथे शेटच्या मुनीमाची वही पोहोचत नव्हती. याला आमच्या शास्त्रात ‘बाह्य परिणाम’ असे सभ्य नाव आहे. पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच त्याची चिकित्सा केली. विल्यम कॅप यांनी १९५० साली खासगी उद्योगाचा सामाजिक खर्च या विषयावर एक ग्रंथच लिहिला. मी तीस वर्षे हे वर्गात शिकवले; परंतु फळ्यावरची ती आकृती आणि मामांचा ग्लँड या एकाच गोष्टी आहेत, हे माझ्या ध्यानी येण्यास निवृत्ती यावी लागली. ही कबुली मी आपणासमोर देऊन टाकतो.

आता बर्फाच्या कारखान्यातून नैसर्गिक वायूच्या उद्योगाकडे येऊ, कारण तेथे हाच ग्लँड हजारपट मोठा झालेला दिसतो. विहिरीतून निघालेला वायू शेकडो किलोमीटर वाहून न्यायचा तर वाटेत ठिकठिकाणी त्याचा दाब वाढवावा लागतो. हजिरा–विजयपूर–जगदीशपूर ही आपल्या देशातील पहिली मोठी वायुवाहिनी; तिच्यावर हजिरा, झाबुआ, विजयपूर, औरैया येथे कॉम्प्रेसर केंद्रे आहेत. कॉम्प्रेसर मुख्यतः दोन जातींचे असतात. एकात पिस्टन मागेपुढे सरकतो, दुसऱ्यात पंखेवजा चक्र मिनिटाला हजारो फेरे घेते. दोन्हींत एक अडचण समान आहे. आत प्रचंड दाबाचा वायू, बाहेर मोकळी हवा, आणि या दोहोंमधील भिंतीतून एक हलता दांडा आरपार गेलेला. हलत्या दांड्याभोवतीची फट पूर्ण बुजवली तर दांडा हलणार नाही. मोकळी सोडली तर वायू राहणार नाही. सीलचे सारे शास्त्र या पेचातून निघाले आहे.

पिस्टनच्या यंत्रात रॉडभोवती कड्यांची एक माळ बसवतात. तिला पॅकिंग म्हणतात. पॅकिंग नवे आणि नीट बसवलेले असेल तर ताशी अकरा-बारा घनफूट, म्हणजे सुमारे एक तृतीयांश घनमीटर वायू निसटतो. तेच झिजले की हा आकडा ताशी ९०० घनफुटांपर्यंत गेल्याची नोंद अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने केलेली आहे. कडी बदलणे हे काही नवलाचे तंत्रज्ञान नव्हे. ते फिटरचे नित्याचे काम आहे.

फिरत्या चक्राच्या यंत्रात जुनी पद्धत तेलाच्या सीलची. शाफ्टभोवतीच्या कड्यांमध्ये वायूहून अधिक दाबाने तेल फिरवत ठेवायचे, म्हणजे वायूला वाट मिळत नाही. येथे एक फसवणूक आहे. सीलच्या तोंडाशी गळती जवळपास दिसत नाही. परंतु तेल वायू शोषून घेते, आणि ते तेल पुन्हा वापरण्यापूर्वी त्यातला वायू काढून आकाशात सोडून देतात. एका कॉम्प्रेसरमागे हे प्रमाण मिनिटाला ४० ते २०० घनफूट असते. यंत्र वर्षाला आठ हजार तास चालते असे धरा. किमान आकडा घेतला तरी सुमारे साडेपाच लाख घनमीटर वायू झाला. त्यातील उष्णता स्वयंपाकाच्या सुमारे तीस हजार सिलिंडरांइतकी भरेल. कमाल आकड्याचा हिशेब आपण घरी करावा.

नवी पद्धत कोरड्या सीलची. १९७० च्या दशकापासून ती उद्योगात येऊ लागली. हिच्यात तेल नाही. शाफ्टबरोबर फिरणाऱ्या एका कड्यावर अत्यंत उथळ, चक्राकार खाचा कोरलेल्या असतात. समोर स्प्रिंगने दाबलेले स्थिर कडे असते. शाफ्ट फिरू लागला की त्या खाचा वायूला आत ओढतात आणि दोन कड्यांमध्ये काही मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ असा वायूचाच थर तयार होतो. कडी एकमेकांना घासत नाहीत, आणि फट इतकी अरुंद की गळती मिनिटाला सहा घनफुटांच्या आत राहते. शिवाय तेलाचे पंप चालवायला लागणारी पन्नास ते शंभर किलोवॅट वीज वाचते. कोरड्या सीलचे भागते सुमारे पाच किलोवॅटवर. वाचलेला वायू विकूनच गुंतवणूक वसूल होते. वायूच्या भावाप्रमाणे त्याला कधी काही महिने लागतात, कधी काही वर्षे.

कोरडे सील म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. त्याला स्वच्छ, कोरडा, गाळलेला वायू लागतो. धूळ वा थेंब आत गेला की ते महागात पडते. सगळीच जुनी यंत्रे एका वर्षात बदलणे परवडणारेही नाही. पण तेथेही मार्ग आहे. तेलातून निघणारा वायू आकाशात सोडण्याऐवजी पकडून इंधन म्हणून वापरता येतो, आणि त्याचा खर्च सील बदलण्याच्या मानाने अगदी थोडा असतो. तात्पर्य, उपाय माहीत नाही म्हणून गळती चालू आहे, असे कोणीही म्हणू शकत नाही.

मग ती चालू का राहते? कारणे तीन. पहिले असे की, सील बदलण्याचा खर्च एकाच वर्षाच्या अंदाजपत्रकात ठळक दिसतो. गळतीचा तोटा मात्र वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने जातो आणि कोणाच्याच नावावर पडत नाही. दुसरे, हरवलेल्या वायूची किंमत कंपनीलाच सोसावी लागते असे नाही. अमेरिकेत ‘हिशेबात न लागलेला वायू’ असे त्याला नाव देऊन तो खर्च सामान्यतः दरात मिसळतात आणि ग्राहकाकडून वसूल करतात. जो गळवतो तो भरत नाही. जो भरतो त्याला गळती दिसत नाही. आणि तिसरे कारण सर्वांत मोठे. हा वायू मुख्यतः मिथेन आहे. वीस वर्षांचा काळ धरला तर वजनाला वजन तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. ती किंमत मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी आणि उन्हात डांबर ओतणारा मजूर देणार. त्यांची सही कोणत्याही करारावर नाही.

या तिन्ही कारणांवर बाजार आपण होऊन तोडगा काढत नाही, हे अमेरिकेनेच दाखवून दिले. तेथे स्वेच्छेने गळती कमी करण्याचा कार्यक्रम १९९३ पासून चालू होता; फायदा होतो हे कंपन्यांना आकड्यांनिशी पटवले जात होते. तरीही २०१२ साली नियम करावा लागला. पिस्टनच्या ठराविक नव्या यंत्रांचे पॅकिंग २६,००० तासांनी किंवा ३६ महिन्यांनी बदललेच पाहिजे, आणि तेलाच्या सीलमधून सुटणारा वायू ९५ टक्क्यांनी घटवला पाहिजे, असा तो नियम. २०२० साली तेथील सरकारने मिथेनवरील बंधने सैल केली. २०२१ साली संसदेने ती पुन्हा आणली. सीलचे कडे तेच, फिटरही तोच. बदलले ते राज्यकर्ते. यंत्राच्या एका कड्याचे भवितव्य मतपेटीत ठरते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

येथे आपल्यापैकी काहींच्या ओठावर उत्तर आलेले दिसते: मालकी समाजाची करा, गळती थांबेल. साथींनो, एवढ्यावर मला समाधान मानता येत नाही. ४ जून १९८९ रोजी सोव्हिएत संघात ऊफा शहराजवळ द्रवरूप वायूची वाहिनी गळत होती. वाहिनीतील दाब उतरू लागला, तेव्हा गळती शोधण्याऐवजी दाब वाढवण्यात आला. दरीत साचलेला वायू दोन आगगाड्या जात असताना पेटला आणि पाचशेहून अधिक माणसे मेली. मालकी पूर्णपणे सरकारची होती. पण खालच्या माणसाला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार नव्हता, आणि वरच्या माणसाला पुरवठ्याचे लक्ष्य गाठायचे होते. बर्फाच्या कारखान्यातील शेट आणि तेथील अधिकारी यांच्यातील अंतर आपण समजतो तेवढे मोठे नाही. सार्वजनिक मालकीचा मी पक्षपाती आहे. परंतु जिच्यात कामगाराचा शब्द चालत नाही ती मालकी सरकारी असते, सार्वजनिक नव्हे.

आपल्या देशापुरते पाहू. २०२१ साली ग्लासगो येथे मिथेन घटवण्याची जागतिक प्रतिज्ञा झाली. भारत तिच्यात सामील झाला नाही. आपल्या मिथेनचा मोठा भाग जनावरे आणि भातशेती यांतून येतो, आणि त्याचा बोजा लहान शेतकऱ्यावर पडू नये, ही त्यामागील भूमिका मला मान्य आहे. मात्र गरिबाच्या गोठ्यातली म्हैस आणि कोट्यवधींचा कॉम्प्रेसर एकाच मापाने मोजण्याचे कारण नाही. म्हशीच्या आडोशाला कॉम्प्रेसर लपू नये, एवढीच माझी मागणी आहे.

आणि शेवटी भोपाळ. १९८४ च्या डिसेंबरात मी नुकता अध्यापनाला लागलो होतो. ती दुर्घटना कॉम्प्रेसरच्या सीलमुळे घडली नाही. परंतु ती एका रात्रीतही घडली नाही. १९८१ सालीच तेथे फॉस्जीनच्या गळतीने एक कामगार मरण पावला होता. लहान गळत्यांना सरावलेला कारखाना मोठ्या गळतीच्या रात्री जागा नव्हता. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगार व व्यवस्थापन यांचे समान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आणि धोका दिसताच इशारा देण्याचा कामगाराचा अधिकार, या दोन गोष्टी तिच्यातून मिळाल्या. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली आहे. या दोन्ही कल्पना तिच्यातही आहेत; परंतु त्या कागदावरून यंत्रघरात आणण्याचे काम कायदा करीत नाही. ते आपले काम आहे.

म्हणून माझी सूचना अशी. वायू, खत, रसायन, शीतगृह वा बर्फ, जेथे जेथे आपली संघटना आहे तेथील मागण्यांच्या पत्रकात बोनस आणि महागाई भत्त्याच्या शेजारी चार ओळी घाला. प्रत्येक कॉम्प्रेसरच्या सीलची गळती ठराविक मुदतीने मोजावी. ती नोंद यंत्रघराच्या दारावर, मराठीत लावावी. पॅकिंग बदलण्याचे तास आधीच ठरलेले असावेत. हंगामाच्या सबबीवर ते पुढे ढकलले जाऊ नयेत. आणि गळतीची तक्रार करणाऱ्या कंत्राटी कामगाराचा करार त्या कारणाने तुटू नये. ही चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण आज यंत्राजवळ बहुधा तोच उभा असतो आणि बोलण्याची भीतीही त्यालाच अधिक असते. वाहिनीतल्या मिथेनला तर स्वतःचा वासही नसतो. ज्या गंधाने आपण घरातला वायू ओळखतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. तेव्हा तेथे नाकावर विसंबता येणार नाही. मोजणीचाच आधार घ्यावा लागेल.

माझ्या मामांना गळती कळत होती, पण ती मोजण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते आणि त्यांच्या पाठीशी संघटनाही नव्हती. आपल्याकडे आज दोन्ही आहेत. उद्या आपण आपापल्या गावी जाल तेव्हा एखाद्या यंत्रघरात जाऊन तेथील माणसाला एवढेच विचारा, “हे पॅकिंग शेवटचे कधी बदलले?” त्याला उत्तर देता आले नाही, तर आपल्या कामाला तेथूनच प्रारंभ करता येईल.