आसवांची नव्हे, तेलाची बाटली
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मी सातवी पास. भाषणाची सवय नाही, म्हणून लिहून आणले तेच वाचते. विषय आहे रोमन लोकांच्या काचेच्या बाटल्या. हसू नका, तो आपल्या फणी-तेलाशीच येऊन पोचतो.

मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकात मी एका बाटलीचे चित्र पाहिले. बोटभर उंच, मान लांब, तोंड इतके अरुंद की करंगळी जाऊ नये. जुन्या रोमन थडग्यांतून अशा कितीतरी निघाल्या. पूर्वीच्या विद्वानांनी त्यांना ‘अश्रुपात्रे’ म्हटले. मागे राहिलेली माणसे रडून त्यांत आसवे साठवीत म्हणे! पुढे तळाचा मळ रसायनशाळेत तपासला, तर निघाली तेले आणि सुगंधी द्रव्ये. त्या विद्वानांनी आधी घरात विचारले असते तरी काम भागले असते.

पूर्वी अशी बाटली करणे फार जिकिरीचे. मातीच्या गाभ्याभोवती वितळलेली काच गुंडाळायची आणि निवल्यावर आतली माती खरवडून काढायची. मग ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनकडच्या कारागिरांनी नळीने काच फुंकण्याची युक्ती काढली. मुले साबणाचा फुगा फुंकतात तशी. घटकेत बाटली तयार! रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो, असे स्ट्रॅबो नावाच्या ग्रंथकाराने लिहिले आहे. श्रीमंतांच्या पेटीतली वस्तू साध्या घराच्या फळीवर आली.

स्नानाला जाताना ते लोक ऑलिव्हचे तेल नेत, अंगाला चोळीत आणि वाकड्या पट्टीने मळासकट खरवडून काढीत. आपले उटणे बरे! सुगंधी तेलांत आपल्या हिमालयातली जटामांसीही पडे. ती उज्जैनवरून भडोच बंदरात येई व तेथून जहाजाने जाई. इ. स. 79 मध्ये वारलेला प्लिनी कुरकुरतो की, रत्तलामागे 400 दिनारांहून जास्त मोजायचे आणि वास मात्र दुसऱ्यांनी घ्यायचा, लावणाऱ्याला तो कळतही नाही. या गृहस्थांची वेणी कधी कोणी घातली नसावी.

स्पेनमधल्या कार्मोना गावी 2019 साली एक रोमन थडगे सापडले. त्यातल्या काचेच्या एका कलशात तीस-चाळीस वर्षांच्या बाईच्या अस्थी होत्या आणि सोबत स्फटिकाची कुपी, बूच डांबराने बंद केलेले. आतला घट्ट झालेला गोळा तपासला, त्याचा निकाल 2023 साली छापून आला. वनस्पतीच्या तेलात पॅचुली! आपण वेणीत पाच घालतो, तिच्याच जातीची.

हे वाचले आणि मी ट्रंक उघडली. आई गेली तेव्हा बहिणींनी लुगडी, पाटल्या वाटून घेतल्या. फडताळात औषधाची एक चपटी बाटली होती, माक्याच्या तेलाची. दर शनिवारी आई त्यातले तेल आमच्या डोक्यावर थापी. वहिनी म्हणाली, “वन्सं, टाकून द्या, खवट वास येतोय.” मी ती पदराखाली घालून घरी आणली आणि तीन वर्षे कोणाला दाखवली नाही. वेडी म्हणतील, अशी लाज वाटे.

आज ती बरोबर आणली आहे. तळाला अजून चमचाभर तेल आहे. हातोहात फिरवून बघा, पण उलटी करू नका. बूच सैल आहे.