मित्राला सुतक नसते
(संस्थेच्या वार्षिक सभेतील भाषण)





वार्षिक सभेत खाटा, शस्त्रक्रिया व जमाखर्च यांचा हिशेब मांडला जातो, आणि तो मांडलाच पाहिजे. आज मात्र मी अशा एका व्यक्तीविषयी बोलणार आहे, जिची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही. ती म्हणजे आजारी किशोराचा मित्र, आजारी मुलीची मैत्रीण.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी समाजांची अनेक मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. घर दूर असते. रात्री एखादीचे अंग दुखू लागले, तर ते प्रथम कळते शेजारी झोपलेल्या मैत्रिणीला. अधीक्षिकेला त्यानंतर, आणि डॉक्टरांना सर्वांत शेवटी.

आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. थंडी, ताप, अतिश्रम व शरीरातील पाणी कमी होणे यांनी ती वेदना उसळते. मुंबईची तहान भागवणारी भातसा व तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. तरीही उन्हाळ्यात येथल्या कित्येक पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. अशा वेळी आजारी मुलीचा हंडा मैत्रिणीने आपल्या डोक्यावर घेतला, तर तो उपचाराचाच भाग ठरतो. त्यासाठी हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे त्या मैत्रिणीला कोणीतरी समजावून सांगितलेले असावे लागते.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने २०१४ मध्ये १० ते १९ वयोगटासाठी समवयस्कांकरवी आरोग्यशिक्षणाचा मार्ग स्वीकारला. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. परंतु तपासणीचे कार्ड हाती आल्यावर वर्गात त्या मुलीशेजारी कोण बसणार, हे कोणताही शासन निर्णय ठरवू शकत नाही.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. गंभीर आजारातून सर्वच मुले बरी होऊन परतत नाहीत. मृत्यूनंतर आप्तांना सुतक असते, दहावे-तेरावे असते. त्यांच्या शोकाला दिवस आणि जागा मिळते. मित्राला सुतक नसते. शाळेची घंटा होते, हजेरीपटातून एक नाव गळते, आणि पंधरा वर्षांच्या मुलाने अभ्यासाला लागावे अशी सर्वांची अपेक्षा असते. मुले लवकर विसरतात, असे आपण म्हणतो. वस्तुतः विचारणारे कोणी नसल्यामुळे ती गप्प होतात. जेवण नकोसे होणे, उगाच चिडणे, आपल्यालाही तोच आजार होईल का ही भीती, ही सारी शोकाचीच रूपे होत.

यावर करावयाचे ते फार खर्चाचे नाही. रुग्णाच्या व पालकांच्या संमतीने मित्राला त्याच्या वयाला पेलेल असे सत्य सांगावे. संसर्गाचा धोका नसेल तेव्हा त्याला खाटेजवळ बसू द्यावे. दोघे क्रिकेटविषयी बोलतील, मास्तरांची नक्कल करतील. तेवढा वेळ आजारी मुलगा पुन्हा नववीतला मुलगा होतो. मोठ्या रुग्णालयात जायचे, तर मुरबाडहून एस.टी.ने कल्याण गाठावे लागते, शहापूरहून आसनगावला येऊन लोकल धरावी लागते. मित्राच्या आड येते ते भाडे आणि सोबतीला मोठे माणूस नसणे.

म्हणून देणगीदारांना विनंती, की औषधांच्या तरतुदीत दोन जादा तिकिटांची आणि खाटेशेजारच्या एका स्टुलाचीही तरतूद असावी. आप्तजनांना विनंती, की मुलाचा मित्र दारी आला तर त्याला परत पाठवू नका. मूल गेल्यानंतर तो आला, तर अवश्य घरात घ्या. तुमच्या मुलाच्या ज्या गोष्टी तुम्हालाही ठाऊक नाहीत, त्या त्याच्यापाशी असतील.