वर्गाबाहेरचा वाङ्मयाभ्यास

बहिःस्थ विद्यार्थी ही संज्ञा आपल्या परिचयाची आहे. दिवसा नोकरी, रात्री अभ्यास आणि वर्षाअखेर परीक्षा असा त्याचा क्रम. अमेरिकेत अशाच विद्यार्थ्यांना उपयोगी पडणारी एक परीक्षायोजना कॉलेज बोर्ड या संस्थेने १९६७ साली सुरू केली. ‘क्लेप’ या नावाने ती ओळखली जाते. एखादा विषय माणूस कोठे आणि कोणाजवळ शिकला हे न विचारता, तो त्याला येतो की नाही एवढेच येथे पाहिले जाते. येत असेल, तर पदवीसाठी लागणाऱ्या श्रेयांकांपैकी त्या विषयाचे श्रेयांक महाविद्यालय त्याच्या नावे जमा करते. सैनिक, परिचारिका, मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिक्षणाकडे वळलेल्या गृहिणी, अशांच्या दृष्टीने एका विषयाचे सत्र वाचणे म्हणजे काही महिने आणि बराच पैसा वाचणे होय.

या योजनेत इंग्रजी वाङ्मयाचीही परीक्षा आहे. इंग्रजी वाङ्मय म्हणजे ब्रिटनचे वाङ्मय. अमेरिकन वाङ्मयाची परीक्षा वेगळी. प्रश्न सुमारे ९५ आणि वेळ ९० मिनिटे. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय. उत्तर चुकले म्हणून गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. निकाल २० ते ८० या मापाने लागतो आणि ५० गुण मिळाल्यास श्रेयांक द्यावेत अशी शिफारस आहे. मात्र अंतिम निर्णय ज्या त्या महाविद्यालयाचा असतो. काही ठिकाणी याखेरीज निबंधही लिहावे लागतात. म्हणून पुस्तक उघडण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयाचा नियम विचारून घ्यावा.

आता तयारीकडे वळू. परीक्षा म्हटली की आपण नावे आणि सनावळ्या पाठ करावयास लागतो. येथे त्या शिदोरीवर फार तर चाळीस टक्के वाट चालता येते. उरलेले साठ टक्के प्रश्न वाचनशक्तीचे असतात. समोर एक उतारा येतो. तो पूर्वी वाचलेला असेलच असे नाही. त्याचा अर्थ, सूर, प्रतिमा आणि शैली ओळखावयाची असते.

जोनाथन स्विफ्टचा १७२९ साली प्रसिद्ध झालेला एक निबंध घ्या. आयर्लंडमधील दारिद्र्यावर उपाय म्हणून गरिबांची वर्षभराची मुले श्रीमंतांना खाण्यासाठी विकावीत, अशी सूचना त्यात केली आहे. लेखनाचा थाट हिशेबी अर्थशास्त्रज्ञाचा. कोठेही आवाज चढत नाही. लेखकाचे नाव आणि साल पाठ असलेल्या माणसाला त्या शांत स्वराखालचा संताप ऐकू आला नाही, तर ते पाठांतर व्यर्थ होय. उलट ज्याला तो ऐकू येतो, त्याला अनोळखी उताऱ्यातील उपरोधही सहसा चकवीत नाही.

हा कान तयार करावयाचा कसा? प्रथम एका कागदावर कालक्रम मांडावा. ‘बेओवुल्फ’पासून आरंभ करावा, मग चौदाव्या शतकातील चॉसर, नंतर शेक्सपिअर, १६६७ साली ‘पॅराडाइज लॉस्ट’ प्रसिद्ध करणारा मिल्टन, पुढे पोप आणि स्विफ्ट, १७९८ सालचा वर्ड्स्वर्थ व कोलरिज यांचा संयुक्त काव्यसंग्रह, व्हिक्टोरियन कादंबरीकार आणि १९२२ सालची एलियटची ‘द वेस्ट लँड’. हा नकाशा झाला. प्रवास अद्याप बाकी आहे.

त्यानंतर रोज एक कविता किंवा गद्याची दोन पाने वाचावीत, आणि तीही मोठ्याने. पहिले वाचन अर्थासाठी. दुसऱ्या वाचनात स्वतःला चार प्रश्न विचारावेत: कोण बोलतो आहे? कोणाशी? कोणत्या सुरात? आणि हाच शब्द का? उत्तरे चार ओळींत लिहून काढावीत. वृत्ताचा अभ्यासही असाच कानाने होतो. केशवसुतांमुळे सुनीत आपल्याला परके नाही. शेक्सपिअरच्या सुनीतात तीन चौकडी आणि अखेर एक द्विपदी असते. पेट्रार्कच्या घडणीत आठ ओळींनंतर विचार वळण घेतो. ती वळणे आवाजात सापडली की व्याख्या पाठ करावी लागत नाही. घड्याळ लावून प्रश्न सोडविण्याचा सराव शेवटच्या काही आठवड्यांसाठी ठेवावा. यश आले नाही, तर तीन महिन्यांनी पुन्हा बसता येते.

एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. पाच पर्यायांत एकच उत्तर बरोबर ठरते. चांगल्या कवितेविषयी दोन जाणत्या वाचकांचे मतभेद होऊ शकतात. वर्गात असे वाद होतात. एकट्याने वाचणारा त्यांना मुकतो. त्याने निदान एक तरी सोबती शोधावा आणि आठवड्यातून एकदा त्याच्याशी एखाद्या कवितेवरून भांडावे. त्या भांडणाचे श्रेयांक कोणी देणार नाही. पण परिचारिकेच्या रात्रपाळीत किंवा सैनिकाच्या बराकीत एखादे सुनीत मनापासून वाचले जाते, तेव्हा तेही शिक्षणच असते. ही परीक्षा त्याची दखल घेते, हे तिचे मोठेपण आहे.