आई गेल्यावर बाबांना फोन कोण करणार?

आजचा विषय घरातलाच. समजा, भाईंदर-उत्तन रस्त्यावरच्या आपल्या मोरव्यातलं एक घर. मुलगा नोकरीला पुण्यात, मुलगी लग्न होऊन वसईला. फोन यायचा तो आईला. बाबा शेजारून म्हणायचे, "विचार ना, कधी येतोय." आणि एक दिवस आईच राहत नाही.

मोठ्या माणसांच्या घरीही हेच झालंय. गांधीजी आणि थोरला मुलगा हरिलाल यांचं कधी पटलं नाही. पण आईवर त्याचा जीव. कटनी स्टेशनवर तो गाडीपाशी आला आणि खिशातून संत्रं काढून दिलं, तेही फक्त बांना, असं सांगतात. २२ फेब्रुवारी १९४४ला पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. मधला दुवाच गेला. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजी, त्याच जूनमध्ये मुंबईत हरिलाल. बापलेकाचं जुळलं नाही ते नाहीच.

आपल्याकडे एवढं टोकाचं नसतं हो. अबोला नसतो, सवय नसते. बाबा फोन करतात तेही "लाइटबिल मोबाइलवरून कसं भरायचं रे?" म्हणून. तेच त्यांचं "कसा आहेस". चाळीस सेकंदांत उरकू नका. आणि बाबालोकांनो, ऐकत असाल तर बिल नसतानाही फोन लावा.

काय बोलायचं सुचत नाही? आई जवळ्याची चटणी कशी करायची, ते विचारा. बाबा चुकीचं सांगतील. सांगू द्या.