धुळीच्या मुलखातला गाणारा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून भाव, कर्ज आणि वीजबिल यांवर बोलणं झालं. आता आम्ही एका गाणाऱ्याची गोष्ट सांगणार आहोत. कुणी म्हणेल, भावाच्या मेळाव्यात गाणाऱ्याचं काय काम? काम आहे. हा गाणारा कोरडवाहू मुलखातला होता. पिकाचा भाव पडला की जमिनीचं आणि माणसाचं काय होतं, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि गाऊन ठेवलं. त्याचं नाव वुडी गथ्री, देश अमेरिका.

१४ जुलै १९१२ रोजी ओक्लाहोमा राज्यातल्या ओकीमा गावी तो जन्मला. बाप जमिनीच्या खरेदी-विक्रीत होता, तो पुढं बुडाला. थोरली बहीण भाजून मेली. आईला जुनी गाणी फार येत, तीच पोराच्या कानावर पडली. पण आईला मेंदूचा असा रोग जडला की तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं आणि ती तिथंच गेली. पोरगा बापाकडं टेक्ससमधल्या पांपा गावी गेला. दुकानांच्या पाट्या रंगवायच्या आणि रात्री नाचाच्या बैठकीत गिटार वाजवायची, हा त्याचा धंदा.

आता त्या मुलखाचं ऐका. तिथं पाऊस आपल्यासारखाच बेभरवशाचा. सगळं गवताचं रान. पहिल्या महायुद्धात सरकारनं सांगितलं, गहू पिकवा. भाव बुशेलला, म्हणजे सुमारे २७ किलोला, २ डॉलरच्या वर गेला. लोकांनी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतले आणि गवताचं रान फोडलं. युद्ध संपलं. १९३२ पर्यंत तोच गहू ४० सेंटच्या खाली आला. भाव पडला तर शेतकरी पेरा कमी करील, असं शहरातल्या शहाण्यांना वाटतं. पण कर्जाचा हप्ता काही कमी होत नाही. तेवढेच पैसे उभे करायला लोकांनी आणखी रान फोडलं. त्यातच पाऊस गेला. माती धरून ठेवणारं गवत तर आधीच गेलं होतं. मग वारा सुटला आणि वावरंच्या वावरं आभाळात उडाली.

१४ एप्रिल १९३५ चा रविवार तिथं अजून 'काळा रविवार' म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी वुडी पांपातच होता. काळी भिंत चालून यावी तशी धूळ आली, घरातल्या घरात माणूस दिसेना. लोकांना वाटलं, जग बुडालं. ते एकमेकांचा निरोप घ्यायला लागले. त्याच निरोपाचं वुडीनं गाणं केलं, आणि गंमत अशी की ते गाणं हसरं आहे. रडगाणं ऐकून माणूस खचतो, हसरं ऐकून उठून बसतो, हे त्याला कळत होतं.

मग घरंच्या घरं गाडीवर भांडी-अंथरुणं लादून कॅलिफोर्नियाला निघाली. कालचे शेतकरी तिथं दुसऱ्याच्या मळ्यात कापूस वेचायला आणि फळं तोडायला लागले. कुठल्याही राज्यातला असो, त्याला हिणवायला एकच शब्द, 'ओकी'. १९३६ साली तर लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवर नाके बसवले. खिशात पैसा नसेल तर मागं फिरा! वुडी १९३७ मध्ये तिथं पोचला. रेडिओवर गायला लागला, मजुरांच्या छावण्यांत जाऊन गायला लागला. १९४० मध्ये त्याच्या धुळीच्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या.

त्याची रीत आपल्या शाहिरांसारखीच होती. चाल लोकांच्या तोंडची, जुनी, भजनाचीसुद्धा, आणि शब्द आजचे. त्यामुळं गाणं एकदा ऐकलं की माणसाला येई. १९४० मध्येच त्यानं 'ही भूमी तुझी आहे' या अर्थाचं गाणं लिहिलं. आज तिथल्या शाळांत ते मुलं म्हणतात. पण खासगी मालकीच्या पाटीचं आणि मदतीच्या रांगेत उभ्या असलेल्या भुकेल्यांचं कडवं बहुतेक वेळा गाळून! गोड तेवढं ठेवायचं आणि टोचतं ते काढायचं, ही चाल सगळीकडं सारखीच.

वुडी डाव्या विचारांचा होता. त्याचं सगळं राजकारण आम्हाला पटतं असं नाही, तुम्हालाही पटायला नको. पण त्याची एक गोष्ट आपण घेतलीच पाहिजे, आणि त्यासाठीच आज आम्ही ही गोष्ट काढली.

२८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियात लॉस गॅटोस खोऱ्यात एक विमान पडलं. ३२ माणसं मेली. त्यांतले २८ मेक्सिकोचे शेतमजूर होते. त्यांना परत त्यांच्या देशात धाडत होते. बातमीत नावं आली ती चार अमेरिकन माणसांची. बाकीचे नुसते 'परत पाठवलेले'. त्यांना एकाच खड्ड्यात पुरलं, वर नाव नाही. वुडीला ते सहन झालं नाही. त्यानं या माणसांना नाव का नाही, असं विचारणारं गाणं लिहिलं. चाल दुसऱ्यानं दहाएक वर्षांनी लावली. पुढं टिम हर्नांडेझ नावाच्या लेखकानं त्या २८ जणांची नावं शोधायचं काम हाती घेतलं, आणि २०१३ साली फ्रेस्नोच्या दफनभूमीत नावांसकट दगड बसला. ६५ वर्षं गेली, पण नावं आली. तोवर ती आठवण त्या गाण्यानं धरून ठेवली होती.

वुडी ते पाहायला नव्हता. आईचाच रोग त्याला लागला. शेवटची दहा-बारा वर्षं इस्पितळात गेली. हात चालेना, मग वाचाही गेली. ३ ऑक्टोबर १९६७ ला तो वारला. मागं हजारावर गाणी राहिली.

भावांनो, आपल्याकडं शेतकरी जीव देतो तेव्हा काय होतं? आकड्यात एक वाढतो. पात्र की अपात्र एवढंच कागदावर येतं. त्यानं किती एकर पऱ्हाटी लावली होती, सरकी कितीला घेतली, कापूस कितीला गेला, घरची लक्ष्मी आज कुणाच्या वावरात निंदायला जाते, हे कुठं लिहिलेलं नाही. ते आपणच लिहायचं. माय-बहिणींनो, जातं गेलं तरी ओवीची चाल तुमच्या गळ्यात आहे. त्या चालीत गावातल्या गेलेल्या माणसाचं नाव घाला. भजनी मंडळानं एक अभंगाची चाल त्यासाठी द्यावी. शिकलेल्या पोरांनी ते वहीत उतरवावं.

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावानं असं एक गाणं आणावं, एवढीच आमची विनंती आहे. ठरावांच्या आधी ती गाणी होतील.